मूर्ती हातात असलेल्याशी बोलायचं नाही

ताई भाताचं पातेलं दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. उंबऱ्याच्या अलीकडे ओलं पोतेरं पडलं होतं. ते तिला दिसत नव्हतं, कारण पातेलं पोटाशी धरलेलं आणि वाफ तोंडावर. मला दिसत होतं. मी समोर खाली बसून विळीवर भेंडी चिरत होते. तिच्यात आणि पोतेऱ्यात चार पावलं होती. "ताई, पाय बघ" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. पहिलं पाऊल झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आणि माझं तोंड मिटलेलंच. विळीवरचा हातसुद्धा थांबला होता. चौथं पाऊल पोतेऱ्यावर पडलं. आधी पातेल्याचा आवाज झाला, मग तिचा.

उजव्या कुशीवर पडली. भात जमिनीभर झाला, थोडा तिच्या कोपरावर सांडला. पाय बाहेरच्या बाजूला फिरला होता. साच्यातून ओली मूर्ती काढताना घाई झाली की तिचा पाय असा फिरतो. असे पाय मी जन्मभर बघितले आहेत, म्हणून आतून मोडलं आहे हे मला लगेच कळलं.

भाचा आंघोळ करत होता, तो टॉवेल गुंडाळून धावत आला, तोवर मी उठून तिच्याजवळ पोचले होते. "मावशी, तू कुठं होतीस?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन लावला. नंतर सगळे धरून चालले की मी मागच्या पडवीत होते. मी ते तसंच राहू दिलं.

हे रोह्याला घडलं, ताईच्या घरी. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मी पेणला राहते, एकटी, आणि रविवारी तिच्याकडे जाते. तो रविवारच होता.

मी का बोलले नाही ते सांगते. ऐकणाऱ्याला ते खोटं वाटेल, पण तसंच आहे.

चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली आणि मी गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात लागले, आजपर्यंत तिथेच. ताई तिथे आधीपासून होती. पेणला नुसतं कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच. आमच्या कारखान्यात एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कोणी विसरतही नव्हतं. मूर्ती हातात असलेल्याशी बोलायचं नाही. हाक मारली की माणूस नुसती मान वळवत नाही. खांदा वळतो, कंबर वळते, आणि हातात काय आहे ते तेवढ्यापुरतं विसरायला होतं. सोंड मांडणीला लागते, नाहीतर हात तुटतो. म्हणून कोणी मूर्ती उचलली की एक जण हात वर करायचा आणि सगळे गप्प व्हायचे. जो जिथे असेल तिथे उभा. वाटेत पाट असो, रंगाची वाटी असो, ओरडून सांगायचं नाही. उठायचं आणि उचलून बाजूला करायचं.

माझ्या पहिल्याच वर्षी मी चुकले. एक काका मूर्ती घेऊन येत होते आणि वाटेत चप्पल होती. मी म्हटलं, "काका, चप्पल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सोंड खांबाला लागून तुटली. शेठने मारलं नाही. तुटलेली सोंड माझ्या हातात दिली आणि दारात बसवलं, संध्याकाळपर्यंत. येणारा जाणारा विचारायचा, हे काय गो? मी सांगायचे. तेवढं पुरलं. त्यानंतर साठ वर्षं मी एकदाही बोलले नाही.

बारा वर्षांची असते तर त्या दिवशी उठून पोतेरं ओढून काढलं असतं. आता गुडघे तेवढ्यात उठत नाहीत. उठणं गेलं आणि गप्प बसणं तेवढं राहिलं.

ताईला पनवेलला नेलं. खुब्यात सळई घातली. डॉक्टर भाच्याला बाहेर घेऊन बोलले, मी मागे उभी होते म्हणून मीही ऐकलं. हाड जुळेल, म्हणाले. पण या वयात एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडतं. पुन्हा पडल्या तर सांगता येत नाही. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस फार दिवस काढत नाही, एवढं लक्षात ठेवा. भाच्याने मान हलवली. त्याची कंपनीत शिफ्ट, सून शाळेत शिकवायला. दिवसभर घरात बघायला कोणी नव्हतं. मी पेणच्या घराला कुलूप लावलं आणि रोह्याला येऊन राहिले. सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. मला ते ऐकवत नव्हतं.

दोन महिन्यांनी वॉकर सुटून काठी आली. नागोठण्याहून एक मुलगी स्कूटीवर यायची, आठवड्यातून तीनदा, व्यायाम घ्यायला. अंगाने काटकी, पण ताईला बगलेत धरून उभी करायची. आधी नुसते पाय उचलणं, खुर्चीतून उठणं, भिंतीला धरून टाचा वर करणं. ते ताईने निमूट केलं. मग एक दिवस ती मुलगी म्हणाली, "आजी, भिंतीपासून दारापर्यंत चाला."

ताई चालली.

"आता परत या. आणि चालता चालता मला सांगा, सकाळपासून काय काय खाल्लंत."

ताई थांबली. "चहा," ती म्हणाली. "दोन बटर. मग एक केळं." मग पुढे चालली.

"आजी, तुम्ही थांबलात."

"मग? आठवायचं का चालायचं?"

"दोन्ही."

"एका टायमाला एक काम करावं गो बाय. दोन केली की दोन्ही बिघडतात."

"स्वयंपाक करताना दहा कामं एकदम करत होतात ना?"

"तवा तेव्हा नवा होता," ताई म्हणाली.

ती मुलगी हसली, पण वहीत तिने काहीतरी लिहिलं. जाताना मला अंगणात थांबवून तिने समजावलं. पायांत ताकद येते आहे. पण चालायलाही डोकं लागतं, ते आपल्या लक्षात येत नाही, कारण तरुणपणी ते आपोआप होतं. वय झालं की चालण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. मग कोणी हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, की लक्ष तिकडे जातं आणि पाय चुकतो. म्हणून डोक्याला दोन कामं एकत्र करायची सवय लावायची, हळूहळू, रोज. चालताना बोलायचं, आकडे मोजायचे, नावं उलटी म्हणायची.

"यानं परत पडणार नाय, अशी खात्री हाय?" मी विचारलं.

"खात्री नाही देता येत. पडण्याची शक्यता कमी होते. आणि ताकदीचा व्यायाम आहे तो सोडायचा नाही."

खात्री आहे म्हणाली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

"मी तीनच दिवस येते," ती म्हणाली. "बाकीचे दिवस तुम्ही करून घ्यायचं. आजी चालत असतील तेव्हा तुम्ही प्रश्न विचारायचे. धरायचं नाही, पण हाताच्या अंतरावर चालायचं. जमेल ना?"

मी हो म्हटलं. त्यात न जमण्यासारखं काय होतं? प्रश्न तिने कागदावर लिहून दिले, मोठ्या अक्षरात. वार उलटे म्हणा. वीसपासून दोन-दोन कमी करत या. भाजीवाल्याकडच्या सात भाज्या सांगा. पेण ते रोहा गाडीची गावं सांगा, कोलाडवरून जाणारी गाडी धरून, आधी सुलटी, मग उलटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई भिंतीजवळ उभी राहिली. मी कागद हातात घेतला. ती चालायला लागली. काठी, पाय, पाय. काठी, पाय, पाय. तोल सांभाळताना तिचा खालचा ओठ आत गेला होता. मी कागदाकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, आणि माझं तोंड उघडेना. ती दारापर्यंत गेली.

"काय गो, दातखीळ बसली?" ताई म्हणाली.

"परत जा. विचारते."

ती परत निघाली आणि मी परत गप्प. जीव मुठीत धरून चालणाऱ्या माणसाशी बोलायचं म्हणजे माझ्या हातून तिला ढकलण्यासारखं वाटत होतं. ती भिंतीला पोचली आणि टेकली की मी लगेच विचारायचे, "वार उलटे सांग." ती उभी राहून घडाघडा सांगायची. बसून, उभं राहून तिला सगळं येत होतं. त्याचा उपयोग नव्हता.

असे दहा-बारा दिवस गेले. मी त्या मुलीला खोटं सांगत होते, रोज करतो म्हणून. पण मुलगी यायची तेव्हा तिला दिसायचंच. तिने चालता चालता काही विचारलं की ताई थांबायची, आणि आता थांबताना डुलायलाही लागली. एकदा सून शाळेतून आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, आज गॅसवाला आला होता का?" ताई खोलीच्या मधोमध होती. ती वळली. काठी राहिली एकीकडे आणि ती दुसरीकडे. सुनेने पिशवी टाकून तिला कमरेला धरलं. दोघी कपाटावर आदळल्या, पण पडल्या नाहीत. सून रडायला लागली. ताईचा चेहरा पिठासारखा झाला होता. मी चार पावलांवर होते. पुन्हा चारच पावलं.

त्या दिवसापासून ताई चालेना. खाटेवरून खुर्ची, खुर्चीवरून मोरी, तेही दोघी धरायला असतील तर. "पाय दुखतो" म्हणायची. पाय दुखत नव्हता. ती घाबरली होती, आणि खाटेवर पडून राहिलेल्या माणसाबद्दल डॉक्टर काय बोलले होते ते मला पाठ होतं.

मुलगी आली तेव्हा तिने माझ्या हातातला कागद घेतला. तो नवा करकरीत होता, कुठे चुरगळलासुद्धा नव्हता.

"मावशी, खरं सांगा. तुम्ही हे करून घेतच नाही ना?"

"नाय."

"का?"

ताई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली आहे. मी त्या मुलीला कारखान्यातलं सांगितलं. मूर्ती हातात असलेल्याशी आम्ही बोलत नाही. तोंडच उघडत नाही. ताई चालते तेव्हा मला ती तशीच वाटते, हातात काहीतरी धरून चालल्यासारखी. मुलगी ऐकत होती. हसली नाही हे तिचं चांगलं.

खाटेवरून आवाज आला. "म्हणजे तू बघितलं होतंस."

ताई उठून बसली नव्हती. तोंड भिंतीकडेच होतं.

"काय?"

"पोतेरं. माझ्या हातात पातेलं होतं. तू विळीवर बसली होतीस, पडवीत नव्हतीस. मी पडले तेव्हा तुझे पाय दिसले होते मला, समोर. मला वाटायचं मीच चुकीचं बघितलं. बघितलंस ना पोतेरं?"

"व्हय."

"किती लांब होते मी?"

"चार पावलं."

"आणि गप बसलीस."

"व्हय, बसले."

ती मुलगी कागदाची घडी घालत राहिली. घालून झाली तरी घालत राहिली. मुलीने त्या दिवशी व्यायाम घेतला नाही, ताईच्या उशाशी थोडा वेळ बसली आणि गेली.

दोन दिवस ताई माझ्याशी बोलली नाही. मी जेवण ठेवायचे, ती जेवायची. मोरीपर्यंत मी धरायचे, तेव्हा ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची, पण खांदा लाकडाचा असावा तसा. भाच्याला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे मावशी, होतं असं," आणि दुसऱ्या खोलीत गेला. त्या खोलीत तो बायकोशी काय बोलला ते मला माहीत नाही. मी पिशवी भरून ठेवली होती. जा म्हणाले असते तर पहिल्या गाडीने गेले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "काठी दे."

मी दिली.

"आता मी चालते. तू बोलायचंस. तो कागद बिगद नको. तोंडात येईल ते बोल, शिव्या दे, पण गप बसलीस तर आजच्या आज पेणला जायचं. मला गप माणूस घरात नको."

ती उठली. काठी, पाय, पाय. ती खोलीच्या मध्यावर आली. तिथे धरायला काही नव्हतं.

"बोल गो."

"तू," मी म्हटलं. "तू माझं परकर-पोलकं घालून जत्रेला गेली होतीस आणि सांगितलं नाय." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ती थांबली. डुलली. मी हात पुढे केला, पण तिने काठीने तो बाजूला केला. "तुझं नव्हतं ते," ती म्हणाली आणि एक पाऊल टाकलं. "आईनं दोघींत मिळून शिवलं होतं."

"माझ्या मापाचं होतं."

"तुझ्या मापाचं असतं तर मला बसलं असतं का?" दुसरं पाऊल. "सात वर्षांनी लहान तू. तुझा परकर मला गुडघ्यापर्यंत आला असता. खोटारडी."

ती दारापर्यंत पोचली. भांडणात तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला तेव्हा कळलं.

असं आम्ही भांडत व्यायाम केला, चैत्रापासून पुढे रोज, सकाळी आणि चहा झाल्यावर. मुलगी म्हणाली, भांडणात आठवावं लागतं, हिशेब लावावा लागतो, उत्तर जुळवावं लागतं, चालेल, भांडा. फक्त आवाज चढवून तिला घाबरवू नका, आणि अवघड हळूहळू वाढवा. ती स्वतः जमिनीवर रंगीत कागद ठेवायची. लाल म्हटलं की लालवर पाय, पण हिरवा म्हटलं की पाय टाकायचाच नाही, उभं राहायचं. ते ताईला फार जड गेलं. हिरवा म्हटलं की पाय जायचाच. "हिरव्याला काय पाप लागलंय?" ती चिडायची. मुलगी म्हणायची, "निघालेला पाय थांबवता आला पाहिजे आजी, पडताना तेच कामाला येतं." गावं उलटी म्हणताना ताई सुकेळीला अडकायची. रोहा, कोलाड, खांब, इथपर्यंत नीट, मग एकदम नागोठणे. मुलगी म्हणायची, "आजी, सुकेळीच्या लोकांना रस्त्यातच उतरवलंत." ताई म्हणायची, "चालू दे त्यांना. व्यायाम होईल."

मला त्या मुलीने सांगितलं होतं, मावशी तुम्हीही करा, तुमचंही वय झालं. मी करत होतेच, न सांगता. ताईच्या बाजूने चालायचं आणि बोलायचं, हेही दोन कामंच होती. पहिले काही दिवस बोलताना मीही थांबत होते. ताई पुढे जायची आणि मी मागे राहायचे.

श्रावण लागेपर्यंत ताई काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागली. गल्लीत सगळे हाका मारतात. ती उत्तर द्यायची आणि चालत राहायची. क्वचित थांबायची, पण डुलायची नाही.

मग तिने पेणचं काढलं. दर वर्षी घरचा गणपती ती आमच्या कारखान्यात येऊन स्वतः बघून ठरवते. या वर्षी भाचा म्हणाला, मी फोटो पाठवतो. ती म्हणाली, फोटोत डोळे कळत नाहीत. भांडण झालं, ते तिने चालत चालत केलं आणि जिंकलं. मुलगी म्हणाली, जाऊ द्या, पण गर्दी नसताना, सकाळी, आणि कोणीतरी जवळ असू द्या. भाच्याने रजा घेतली आणि गाडीने आम्हाला पेणला आणलं. गाडी लावायला तो पुढे गेला, आम्ही दोघी आत शिरलो.

सीझनचा कारखाना बाहेरच्याने बघितला नसेल तर त्याला कळणार नाही. दोन्ही बाजूंना छतापर्यंत मांडण्या, त्यांवर मूर्ती खेटून उभ्या, मधे एक माणूस जाईल एवढा बोळ. जमिनीवर रंगाच्या मशीनची नळी वळणं घेत बोळभर पडलेली. ताईला मी ती नळी दाखवली, ती ओलांडून पुढे गेली. तिचा चेहरा वेगळाच झाला होता. इथे ती लग्नापर्यंत काम करत होती. मांडणीवरच्या मूर्तीचे डोळे बघत बघत ती पुढे चालली होती. कोणीतरी ओळखीचं भेटलं म्हणून मी मागे वळले, दोन वाक्यं बोलले, आणि तिच्या-माझ्यात आठ-दहा हात अंतर पडलं.

तेवढ्यात मशीन बंद झालं. मी बघितलं, एका रंगकाम करणाऱ्या बाईने हात वर केला होता. कारखाना गप्प झाला.

पलीकडच्या टोकाने मंडळाची मोठी मूर्ती येत होती, दोघांनी धरलेली. पुढचा माणूस पाठमोरा, उलटा चालत येत होता. मागच्याला मूर्तीमुळे समोरचं काही दिसत नव्हतं. अशा वेळी पुढे एक जण वाट मोकळी करत चालतो. तो टेम्पोचं दार उघडायला बाहेर गेला होता. आणि ताई बोळाच्या मधोमध उभी होती. एका मूर्तीचे डोळे बघायला अर्धवट मागे वळलेली, त्या दोघांकडे पाठ. शांतता झाल्याबरोबर ती जिथे होती तिथे उभी राहिली होती. इथली मुलगी ती. इथे शांतता झाली की उभं राहायचं, हे साठ वर्षांनीही तिच्या अंगात होतं. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

पुढच्या माणसाची पाठ तिच्यापासून पाच पावलांवर होती.

कोणीतरी उठेल म्हणून मी बघितलं. जवळ होते ते दोघं मांडणीवर चढलेले होते, हातात ब्रश. त्यांनी बघितलं आणि ते जागच्या जागी राहिले. त्यांना दोष देत नाही. मला धावता येत नाही, आणि धावून हात ओढला असता तर मीच तिला पाडलं असतं. चार पावलं. थांब म्हणून उपयोग नव्हता, ती थांबलेलीच होती.

मी बोलले. मोठ्याने, पण रोज बोलते तसंच. "ताई, चल पुढे. डाव्या हाताला मांडणीत मोकळी जागा हाय, तिथं आत वळ. आणि मला सांग, सकाळी पोह्यात मीठ कोणी टाकलं?"

एवढ्या शांततेत माझा आवाज छताला लागला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

ताईने पाऊल उचललं. "तूच टाकलंस," ती म्हणाली, आणि दुसरं पाऊल. "एकदा तू टाकलंस, मग सुनेनं टाकलं." काठी, पाय. "विचारायचं नाय आधी." ती डावीकडे वळली आणि मांडण्यांमधल्या फटीत शिरली.

माझ्या आवाजाला ती थांबली नाही. पुढचा माणूस मात्र वळला, नियम ज्याच्यासाठी केला होता तसाच. मान वळली, खांदा वळला, टाच रंगाच्या नळीवर पडली. तो मांडणीच्या कडेला खाली बसला आणि मूर्ती कलली. मागच्याने ओढून धरायचा प्रयत्न केला, पण एवढं वजन एकट्याला धरवत नाही. मूर्ती आडवी झाली. ताई जिथे उभी होती, बरोबर तिथे मूर्तीचं डोकं आणि खांदे येऊन फुटले. बोळभर पांढरी धूळ उडाली. आतल्या लोखंडी सळया बाहेर आल्या होत्या.

कोणी ओरडलं नाही. मांडणीच्या फटीतून ताईचा आवाज येत होता. "आणि पोहे भिजवायला पाणी किती घेतलं होतंस?" तिला अजून काय झालं ते दिसलं नव्हतं.

शेठ आला. माझ्या पहिल्या शेठचा हा नातू. त्याने मूर्तीकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या मंडळाच्या पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजी, तुम्ही बोललात? तुम्हाला नियम सांगायचा मी?"

"नियम मला म्हायती हाय," मी म्हटलं. "माणूस मधी होतं."

"हाताने बाजूला करायचं होतं."

"हात पोचत नव्हता."

पोरांना त्याने आत नेलं, दुसरी मूर्ती दाखवायला. पडलेल्या माणसाला दोघांनी उठवलं. तो कमरेला हात लावून उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "आजी, तू बोललीस म्हणून मी पडलो." मग त्याने फटीतून बाहेर येणाऱ्या ताईकडे बघितलं, तिच्या काठीकडे बघितलं. "नसतीस बोलली तर ही मूर्ती घेऊन मी म्हातारीवर बसलो असतो." दोन्ही खरं होतं.

ताईने तुकडे बघितले. मग म्हणाली, "घरचा गणपती बघायचा राहिला." आम्ही बघितला. डोळे तिला आवडले नाहीत, दुसरा घेतला.

त्या सीझनला मी कारखान्यात परत गेले नाही. येऊ नको असं मला कोणी म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षी पेणला परत राहायला आले तेव्हा गेले, बसून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. नियम अजून आहे. कोणी मूर्ती उचलली की मीही गप्प होते, पण आधी बोळात कोण उभं आहे ते बघते. ताई रोह्याला आहे. त्यानंतर ती एकदा पडली, मोरीत, हात टेकले गेले म्हणून हाड वाचलं. व्यायाम चालू आहे. मी रविवारी जाते तेव्हा माझ्याशी, एरवी सुनेशी भांडते.

त्या दिवशी बोळात आम्ही चौघं होतो. मूर्ती धरणारे दोघं, ताई आणि मी. चौघंही जिवंत आहोत.